जाशीन कुठं?

हक्कसोडपत्रावर सही करायला आम्ही तिघी बहिणी गेलो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती, व्यापारी दारात उभा होता आणि भावाला घाई होती. दस्तलेखकानं कागद वाचून दाखवला. आम्ही राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाखाली न येता, कसलाही मोबदला न घेता वडिलोपार्जित जमिनीवरचा आपला हक्क सोडत आहोत. आत गेल्यावर कॅमेऱ्याकडे बघायचं आणि यंत्रावर अंगठा ठेवायचा. माझा लगेच उमटला. धाकटीचा उमटेना. दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. पदराला चार-पाच वेळा पुसून ठेवला तेव्हा कुठं यंत्रानं तिला ओळखलं. बाहेर चहा झाला. भावजयीनं पिशवीतून तीन साड्या काढल्या.

मी तेव्हा शिक्षिका होते. पगार माझ्या खात्यात जमा होत होता आणि वर्गात मी नागरिकशास्त्र शिकवत होते. स्त्रीला वारसाहक्क आहे हे फळ्यावर लिहून झालेलं होतं. तरीही मी सही केली, आणि खरं सांगायचं तर दुःख वगैरे काही झालं नाही. उलट हलकं वाटलं. माहेर शाबूत राहिलं असं वाटलं. चांदूर बाजार तालुक्यात, आणि एकूणच वऱ्हाडात, बहिणीनं वाटा मागणं म्हणजे भावाच्या अंगणात कुऱ्हाड घेऊन उभं राहणं. वाटा घेतलेल्या बहिणीला भाऊबीजेला बोलावत नाहीत. बाळंतपणाला आणत नाहीत. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर तिला दार उघडत नाहीत. म्हणजे वेळ पडली तर दार उघडावं म्हणून आपण आपली जमीन सोडून देतो. विम्याचा हप्ताच म्हणा.

धाकटीनं हा विमा एकदा वापरून बघितला. रात्रीच्या शेवटच्या एसटीनं ती दोन लेकरं घेऊन आली, एक डोळा सुजून बंद झालेला. भावानं पंधरा दिवस ठेवून घेतलं. सोळाव्या दिवशी म्हणाला, "मी जवायाले सांगतो समजावून. तू चाल." तिला पोचवून आला. त्या रात्री नवऱ्यानं तिला जे विचारलं ते तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. "जाशीन कुठं? भावाच्या दारात? त्यानं तं लिहूनच घेतलं तुयापासून."

स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल मी आजवर जेवढं ऐकलं आणि वाचलं, त्यात या एका वाक्याइतकं नेमकं काही मला सापडलं नाही. त्या माणसाला कायदा कळत होता, अर्थशास्त्र कळत होतं. तो चिडून मारत होता असं आपण म्हणतो, दारू पिऊन मारत होता असंही म्हणतो. पण चिडलेला माणूस सावकाराला मारत नाही, प्यायलेला माणूस ठाणेदाराला मारत नाही. ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्यालाच मारतो. बायको कुठं जाऊ शकत नाही हे पक्कं ठाऊक असल्यावर हात उचलायला फारसा राग लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायांपैकी सुमारे 25 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. चौघींत एक. देशभरात ज्यांच्यावर हिंसा झाली अशा बायांपैकी फक्त 14 टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली, आणि 77 टक्के जणींनी मदत तर सोडाच, कुणाला सांगितलंसुद्धा नाही. त्याच सर्वेक्षणात देशातल्या 45 टक्के बायांनी काही कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य असल्याचं म्हटलं. या शेवटच्या आकड्यावर शहरातली माणसं फार कळवळतात. बायकांची मानसिकताच अशी आहे म्हणतात, प्रबोधन करायला हवं म्हणतात. मला तो आकडा मानसिकतेचा वाटत नाही, हिशेबाचा वाटतो. ज्या घरातून निघता येणारच नाही, त्या घरातला मार योग्य आहे असं मानल्याशिवाय तिथं रोज सकाळी उठून चूल पेटवायची कशी?

रस्त्यावरच्या हिंसेबद्दल आपण बोलतो. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून दिलं. आठवडाभर मृत्यूशी झुंजून ती गेली. आमच्याकडेही मोर्चे निघाले, मुली पहिल्यांदाच घोषणा देत चौकापर्यंत गेल्या. फाशीची मागणी झाली. पुढं 2021 च्या डिसेंबरात विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर केलं, ते कायदा मात्र झालं नाही. आरोपीला 2022 मध्ये जन्मठेप झाली. तो संताप खरा होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्या मोर्चात पुढं चालणाऱ्या दोघातिघांच्या घरची हकीकत मला माहीत होती. त्यांच्या लेखी नराधम हा कायम दुसऱ्याच्या घरातला असतो.

आता सातबाऱ्याकडे येते. सातबारा नीट वाचायची सवय बायांना नसते, म्हणून सांगते. वरच्या भागात भोगवटादाराचं नाव, म्हणजे ज्याची जमीन त्याचं. बाजूला 'इतर अधिकार' नावाचा रकाना. त्या रकान्यात विहिरीतला हिस्सा लिहितात, बँकेच्या कर्जाचा बोजा लिहितात, आणि जुने उतारे काढून बघा, बहिणींची आणि विधवा आईची नावंही तिथंच लिहिलेली सापडतील. विहीर, बोजा आणि बहीण एका रकान्यात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलींना मुलांच्या बरोबरीनं पहिल्या वर्गातले वारस केलं. 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये केंद्रानं मुलीला जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी, केलं. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी तो हक्क तिला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. एवढं सगळं झालं, आणि तसतसं हक्कसोडपत्रांचं काम वाढलं. पूर्वी बहिणीला विचारायचीच गरज नव्हती. आता कायद्यानं तिची सही लागते, म्हणून साडी घ्यावी लागते. प्रगती म्हणतात ती ही.

नाव नसण्याचा परिणाम कुठवर जातो, ते मेलेल्यांच्या मोजदादीतही दिसतं. वऱ्हाडाला शेतकरी आत्महत्यांची ओळख सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात देशभरातल्या 5,318 शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात बाया किती? 211. त्याच अहवालात गृहिणींच्या आत्महत्या 23,178. निंदण, खुरपण, कापसाची वेचणी, संत्र्याच्या झाडांना आळी करणं, गुरांचा शेणगोठा, हे सगळं करणारी बाई मेल्यावर गृहिणी होते, कारण शेतकरी असण्याचा पुरावा म्हणजे उतारा, आणि उताऱ्यावर ती नाही. तिला कर्जाचा जाच होता की नवऱ्याचा, हे 'गृहिणी' या नोंदीतून कळायची सोयच नाही. आणि पुरुष मेला की त्याच्या बाईची वरात निघते ती वेगळीच. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचं, मदतीचं प्रकरण पात्र की अपात्र. जमीन सासऱ्याच्या नावे असली की सगळंच अडतं. तेराव्याच्या आत दीर तलाठ्याकडे जाऊन आलेला असतो.

इथं थोडं विषयांतर करते. आमच्या तालुक्यात माधान आहे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचं गाव. 1881 चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, आणि 1915 मध्ये देह ठेवला तोवर केवढा तरी ग्रंथसंभार निर्माण केला. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेत आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. त्या भावातून ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. पुरुषानं बाईचं लेणं अंगावर घ्यावं आणि लोकांनी त्याच्या पायावर डोकं ठेवावं, हे आमच्या मातीत घडलेलं आहे. त्यांच्या जन्माच्या पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये, याच वऱ्हाडात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेवरचा खटला. विधवेचं कुंकू पुसता, मग विधुराचं काय पुसता, हा त्या पुस्तकाचा सूर. माधानला दर्शनाला जाणाऱ्या बायांच्या रांगेत विधवा मागं राहते, हे मी लहानपणापासून पाहत आले. महाराजांच्या कपाळीचं कुंकू भक्तीचं, तिच्या कपाळीचं मात्र नवऱ्याच्या मालकीचं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. फार चांगलं झालं. फक्त माझ्या मनात येतं की बांगड्या फोडायला चार बाया लागतात, आरडाओरडा होतो, सगळ्या गावाला दिसतं. फेरफार नोंदीत नाव गाळायला आवाज होत नाही. त्यावरही एखादा ठराव व्हावा.

आणि तसं काही एकदा घडलंही होतं, हे आमच्या जिल्ह्याचं विसरलेलं धन आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला महिला अधिवेशन भरवलं. लाखावर बाया जमल्या. बिल्ला लावलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, पहिल्यांदाच मुक्कामानं घराबाहेर पडलेल्या. त्यानंतर 1989 मध्ये अमरावतीच्या अधिवेशनात लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम पुढं आला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला काही हिस्सा स्वखुशीनं बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. युक्तिवाद साधा होता आणि पुरुषांच्या वर्मी बसणारा होता. तू सरकारला म्हणतोस, माझ्या घामाचं दाम दे. तुझ्या घरात जी फुकट राबते तिच्या घामाचं दाम तू कधी दिलंस? आधी ते देणं फेड, मग मोर्चाला ये. शेकडो गावांनी ते केलं. शहरातल्या स्त्रीवादी मंडळींनी त्या काळी या चळवळीकडे जरा नाक मुरडूनच बघितलं. त्यांना 'लक्ष्मी' हा शब्द खटकत होता. शब्द मलाही फारसा आवडत नाही. पण उताऱ्यावर नाव चढत असेल तर लक्ष्मी म्हणा, नाहीतर अवदसा म्हणा.

पुढं 1992 मध्ये सरकारनं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. ते आजही लागू आहे. किती जणांना ठाऊक आहे, हे आपापल्या गावात विचारून बघावं. त्यातली मेखही बघा. अर्ज नवऱ्यानंच करायचा. बायकोला तो मागता येत नाही. म्हणजे ज्याच्या घरात याची गरज नाही तिथंच हे घडणार, आणि ज्याच्या हातात काठी आहे तो अर्ज लिहायला बसणार नाही. गावठाणातल्या घरावर दोघांची नावं लावायचा 'घर दोघांचे' हा निर्णय 2003 चा. तिथंही पुष्कळ ठिकाणी दारावरची पाटी झाली, ग्रामपंचायतीच्या दप्तरात काय झालं ते दप्तरालाच ठाऊक.

जमिनीनं मार थांबतो का? हा प्रश्न मला एका मैत्रिणीनं विचारला होता, जरा उपहासानंच. बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात याचा अभ्यास केला, तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायांकडे ना घर ना जमीन, त्यांतल्या 49 टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्लेला होता. ज्यांच्या नावे घर आणि जमीन दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण 7 टक्के निघालं. नोकरी, शिक्षण असले मुद्दे विचारात घेऊनही फरक टिकला. नुसत्या जमिनीपेक्षा घराचा परिणाम अधिक दिसला, आणि ते पटण्यासारखं आहे. रात्री साडेदहाला दोन लेकरं घेऊन बाई वावरात जाऊन बसू शकत नाही. तिला कडी लावता येईल असं दार लागतं.

पण एवढ्यावर निकाल लावून मोकळं होणं बरं नाही, कारण माझ्याच युक्तिवादाला आडवे येणारे दोन प्रसंग विदर्भातलेच आहेत. पहिला खैरलांजीचा. 29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातलं भोतमांगे कुटुंब. दलित कुटुंब, पण स्वतःची शेती, मुलं शिकणारी, सुरेखाबाई खमक्या. त्यांच्या शेतातून रस्ता काढायचा वाद होता आणि त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांना, मुलगी प्रियंकाला आणि दोन्ही मुलांना गावातल्या जमावानं संपवलं. तिथं जमीन ढाल झाली नाही. दलित बाईनं जमीन धरून ठेवणं हाच तिचा गुन्हा ठरला. सवर्ण घरातली बाई वाटा मागते तेव्हा तिला भावाशी लढायचं असतं. दलित बाईला सगळ्या गावाशी. आणि जिच्या घरात वाटा मागायला जमीनच नाही, त्या मजूर बाईला, मेळघाटातल्या कोरकू बाईला, माझा हा सगळा सातबारा काय कामाचा? तिच्यासाठी घरकुल तिच्या एकटीच्या नावावर असणं हाच सातबारा.

दुसरा प्रसंग आमच्या शेजारचा. मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण. जंगलात माफियांना भिडणारी बाई. तिला पगार होता, वर्दी होती, सरकारी घर होतं. 25 मार्च 2021 ला तिनं आयुष्य संपवलं. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा आरोप होता, त्या अधिकाऱ्याला अटकही झाली. तिनं तक्रारी केल्या नव्हत्या असं नाही. मग 'जाशीन कुठं' हा प्रश्न घरातच विचारला जातो असं थोडंच आहे? कचेरीतही विचारतात, फक्त शुद्ध भाषेत. साहेबाच्या वर तक्रार घेऊन जाशील त्या खुर्चीत साहेबाचाच माणूस बसलेला असेल, तर ती बाईही माझ्या धाकट्या बहिणीसारखीच सोळाव्या दिवशी परत पाठवली जाते. म्हणून मी जमीन म्हणते तेव्हा फक्त गुंठे म्हणत नाही. जिथं जाऊन उभं राहता येईल आणि जिथून कुणी परत पोचवून देणार नाही, अशी जागा म्हणते. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात ती दृष्टी होती. घर कोणाच्याही नावे असो, कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून बाईला काढता येणार नाही, हे त्यानं मान्य केलं. घर सासू-सासऱ्यांच्या नावे असलं तरी तिला हा हक्क असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण कायद्यातला संरक्षण अधिकारी कोण, कुठं बसतो, हे आमच्याकडे विचारलं तर लोक ठाण्याकडे बोट दाखवतात, आणि ठाण्यात म्हणतात, घरचं भांडण घरात मिटवा.

सक्षमीकरण हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. बचत गटाच्या पापडांपासून 'लाडकी बहीण' योजनेच्या दीड हजारापर्यंत सगळ्याला तो लागतो. दीड हजाराला मी हसत नाही. बँकेच्या रांगेत उभ्या बायांचे चेहरे मी पाहिले आहेत, स्वतःच्या नावाचं खातं ही लहान गोष्ट नव्हे. पण दीड हजारात निघून जाता येत नाही, राहणं थोडं सुसह्य होतं इतकंच. 2025 च्या जूनमध्ये आमच्याच तालुक्यातल्या बेलोऱ्याच्या बच्चू कडूंनी मोझरीला कर्जमाफीसाठी उपोषण केलं. विधवांच्या मानधनाची मागणीही त्यात होती, आणि ती रास्तच. मानधन मागायला जीभ वळते. वाटा म्हटला की ती जड होते, कारण मानधन सरकारनं द्यायचं असतं आणि वाटा आपल्याला.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं देऊळ आहे. रामाशिवायची सीता. टाकलेल्या, लेकुरवाळ्या सीतेनं गावाला पसाभर गहू मागितला, गावानं दिला नाही, मग तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही, अशी आख्यायिका. शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला तो उगाच नव्हे. मला त्या गोष्टीत शापापेक्षा ती मागणी महत्त्वाची वाटते. राणी पसाभर मागत होती. तिनं वावरच मागायला हवं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका कामासाठी तलाठ्याकडे बसले होते. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) एक सत्तरीचं जोडपं आलं. म्हातारबुवांनी घडी घातलेला अर्ज पुढं केला. बायकोचं नाव लावायचं होतं. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. बाई दाराशीच उभी होती. तिनं तिथूनच विचारलं, "साहेब, नाव चढलं की बँकेचं कर्जबी माया डोक्यावर येईन का?"

"बोजा तर जमिनीवर आहेच, आजी. तुमच्याही हिश्श्यावर राहील."

ती जरा थांबली. "अन् विकाच्या वक्ती मायी सही लागन का?"

"लागेल."

"मंग चढवा."

फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. दोन कर्ती मुलं आहेत असं म्हाताऱ्यानं मघाच सांगितलं होतं. मी बाईला हळूच विचारलं, पोरं हरकत नाही ना घेणार?

"त्यायले सांगतलंच नाई," ती म्हणाली.